जुन्या जीपला दुसरे इंजिन : कार्बुरेटर कोणता घ्याल?



धानाची पोती बाजाराला न्यायची, खताच्या गोण्या आणायच्या, रात्री-अपरात्री दुखणाईताला दवाखान्यात पोचवायचे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जुनी पेट्रोल जीप घरात असली की ही सारी कामे तिच्यावर येतात. तिचे इंजिन थकले की जुन्या बाजारातून दुसरे आणून बसवतात. डिझेल इंजिन घेतले तर प्रश्नच नाही, त्याला कार्बुरेटर नसतो. पेट्रोल इंजिन घेतले, तर मात्र कार्बुरेटर विचार करूनच निवडावा.

इंजिन हवा ओढते. ती कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल फवारले जाते. गळा गरजेपेक्षा मोठा असेल, तर कमी फेऱ्यांवर हवेला वेग राहत नाही आणि भरलेली जीप चिखलात अडखळते. मोठा कार्बुरेटर म्हणजे जास्त ताकद, ही समजूत चुकीची आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे.

हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाची हवा ओढते. २.२ लिटरचे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेते असे धरा. २.२ गुणिले २००० म्हणजे ४४०० लिटर. प्रत्यक्षात त्याच्या सुमारे ८० टक्के, म्हणजे ३५०० लिटर हवा पुरते. तेवढ्याच मापाचा कार्बुरेटर हवा.

सर्वांत उत्तम म्हणजे इंजिनासोबत त्याचाच कार्बुरेटर घेणे. पण उंचीही मोजा. जुन्या विलीज जीपचे इंजिन आणि नंतरचे हरिकेन इंजिन, दोन्ही २.२ लिटरचीच. हरिकेनमध्ये हवेचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असल्याने ते उंच आहे. म्हणूनच सीजे-३बी जीपचे बॉनेट उंच करावे लागले. हे इंजिन बुटक्या बॉनेटच्या जीपमध्ये घातले, तर कार्बुरेटर व हवेची गाळणी वर टेकतात.

मिस्त्रीकडून पुढील गोष्टी करून घ्याव्यात :

१. कार्बुरेटरच्या बुडाची भोके मॅनिफोल्डशी जुळतात का पाहावे. फट राहिली तर फालतू हवा शिरते.

२. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. कार्बुरेटर तापून त्यातले पेट्रोल उकळू नये म्हणून खाली बेकेलाइटचे जाड पॅकिंग घालावे व नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी.

३. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर खराब होते, म्हणून नळ्या व पडदे इथेनॉल सोसणारे घ्यावेत. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, त्यामुळे जेट किंचित मोठा लागू शकतो. ते पाणीही ओढते, तेव्हा पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये.

४. फ्लोटची सुई नीट बसते का तपासावे. ती गळली तर पेट्रोल तापलेल्या भागावर सांडून आग लागते.

काही दिवस जीप चालवून स्पार्क प्लग काढून पाहा. रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी.

आणि एक. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये गाडीतील फेरफारांवर बंधने आहेत. म्हणून इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओ कार्यालयात चौकशी करा आणि खरेदीची पावती जपून ठेवा.

इंजिनाचा भाव ठरवतानाच कार्बुरेटर, पॅकिंग व नळ्यांचा खर्च त्यात धरा. रात्री जंगलातल्या रस्त्यावर दुखणाईत घेऊन निघालेली जीप बंद पडली, तर तिथे ना मिस्त्री भेटतो, ना दुसरी गाडी.