नेपल्सचे फरिश्ते आणि तीस मीटर कापड

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका निर्यातदाराने आमच्याकडे रेशमी कापड मागितले. माल फक्त ३० मीटर. पण अट अशी की बुट्टी गव्हाच्या दाण्याहून मोठी नको आणि कापड हाताला अगदी हलके लागले पाहिजे. आम्ही दुकानातला सर्वांत बारीक नक्षीचा ताका पाठवून दिला. आठ दिवसांत तो परत आला. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते की हे कापड माणसाला शोभेल, बाहुलीला नाही.

चौकशी केली तेव्हा कळले की गिऱ्हाईक इटलीतल्या नेपल्स शहरचे आहे. तेथे फरिश्त्यांच्या, म्हणजे देवदूतांच्या, हाताने घडवलेल्या बाहुल्या होतात आणि हे कापड त्यांच्या अंगरख्यांसाठी हवे होते. उमर कापडात गेली, पण या बाजाराची आम्हाला खबर नव्हती. तसवीर आणि पुतळ्यांचा मसला उलेमांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. येथे फक्त हुनर आणि धंदा यांचे बोलतो.

नाताळात हजरत ईसांच्या जन्माचा देखावा मांडण्याची ख्रिस्ती लोकांची चाल आहे. नेपल्समध्ये त्याला प्रेसेपे म्हणतात. १७३४ ते १७५९ या काळात तेथे राज्य करणाऱ्या चार्ल्स राजाला या देखाव्यांचा भारी शौक होता. राजाचा शौक पाहून सरदार आणि सावकारही चढाओढीने देखावे मांडू लागले आणि कारागिरांची चांदी झाली. देखाव्यात मेंढपाळ, भाजीवाले, खाटीक असे सगळे बाजारचे लोक खाली आणि फरिश्ते वर टांगलेले, हवेत तरंगत असल्यासारखे.

ही बाहुली साधारण फूट-दीड फुटाची. तिचे मुंडके भाजलेल्या मातीचे, वर रंगकाम, डोळे काचेचे. हात-पाय आणि पंख लाकडात कोरलेले. मधले धड मात्र तारेचे असते आणि त्या तारेवर वाख गुंडाळलेला असतो. खरी अक्कल येथे आहे. लाकडाचे धड एकदा कोरले की तसेच राहते. तार वाकवता येते, म्हणून एकाच सांगाड्याचा फरिश्ता उडताही दाखवता येतो आणि झुकलेलाही. माती, काच, लाकूड, तार, रेशीम यांची कामे वेगवेगळ्या हातांची, म्हणजे एका नगावर कितीतरी घरांची रोजी. नामी शिल्पकारही या कामाला हलके समजत नव्हते. जुझेप्पे सानमार्तीनो याने १७५३ मध्ये संगमरवरात ख्रिस्ताचा असा पुतळा घडवला की अंगावरची चादर पाहून दगडाचे कापड झाले असे वाटते. त्याच सानमार्तीनोने या देखाव्यांसाठी मातीची मुंडकीही घडवली.

आता कापडाकडे येऊ, कारण आमचा ताका येथेच नापास झाला. फूटभर उंचीच्या अंगावर साडीची बुट्टी टाकली तर एकच फूल छातीभर पसरते. कापड जाड असेल तर घडी पडत नाही, ते खोक्यासारखे फुगून उभे राहते; आणि फरिश्त्याचा तर सगळा डौल अंगरख्याच्या घड्यांत. नक्षी लहान करायची म्हणजे नुसता कागदावरचा नमुना लहान करून भागत नाही. सूत बारीक घ्यावे लागते, फणी बदलावी लागते, इंचात बाण्याचे धागे वाढवावे लागतात. नाहीतर फुलाचा ठिपका होतो. नेपल्सवाल्यांना असे रेशीम जवळच मिळाले. कासेर्ताजवळ सान लेउचो येथे चार्ल्सचा मुलगा फर्डिनांड याने १७७८ मध्ये रेशमाचा कारखाना काढला. १७८९ मध्ये त्याने तेथील विणकरांसाठी कायदा केला: मुलामुलींना शिक्षण सक्तीचे आणि लग्नात हुंडा बंद! विणकरांच्या वस्तीसाठी असा कायदा सव्वादोनशे वर्षांपूर्वी झाला, हे आपल्या मोहल्ल्यांनी वाचण्यासारखे आहे.

जुन्या मालाची किंमत आज संग्रहालये जाणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नाताळच्या झाडावर हेच नेपल्सचे फरिश्ते लटकतात. लॉरेटा हाइन्स हॉवर्ड नावाच्या बाईंनी १९२५ पासून ते जमवायला सुरुवात केली होती. नवा माल नेपल्सच्या सान ग्रेगोरियो आर्मेनो या गल्लीत बनतो आणि विकतो. गल्ली अरुंद, दुकाने वर्षभर उघडी, नाताळाआधी पाय ठेवायला जागा नाही. साच्यातला स्वस्त मालही तेथे शेजारीच मांडलेला असतो, फुटबॉलपटूंच्या बाहुल्यासुद्धा. पण मुंडके साच्यातून निघाले तरी घडीदार रेशमी अंगरखा साच्यातून निघत नाही.

ताका परत आल्यावर आम्ही आधी यंत्रमागवाल्यांना विचारले. ३० मीटरसाठी माग बांधायला कोण बसला आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले, आणि हिशेबाने ते बरोबरच होते. मग हिमरूचा हात असलेल्या एका म्हाताऱ्या विणकराकडे गेलो. हातमागाला ३० मीटर म्हणजे थोडेथोडके काम नव्हे. त्यांनी आमचा नापास ताका चष्म्याजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "भाईसाहेब, बुट्टी लहान होईल, पण सूत तुम्ही आणा आणि घाई करू नका." मजुरीचा भाव त्यांनी नेहमीच्या दुप्पट सांगितला. आम्ही घासाघीस केली नाही. निर्यातदाराला तो भाव कळवला तेव्हा त्याने हूं की चूं केले नाही, उलट नमुना कधी मिळेल एवढेच विचारले.

पहिल्या नमुन्यात फुलाच्या पाकळ्या एकात एक मिसळल्या. दुसरा सध्या मागावर आहे.