जुनी सायकल, दुखरा गुडघा

गुडघा दुखू लागला की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते हे : "आता सायकल सोडा, वय झालं." ऐकणारा बिचारा सायकल पडवीत भिंतीला टेकवून ठेवतो, आणि पुढच्या आठवड्यापासून बाजाराला जायचं तर मुलाच्या मोटारसायकलची नाहीतर जीपची वाट पाहत बसतो. सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यात सायकल सुटणं म्हणजे आपलं आपण जाणं-येणं सुटणं होय. तेव्हा सायकल सोडण्यापूर्वी ती एकदा नीट तपासून पाहावी, एवढंच आज सांगायचं आहे.

असं पाहा, सीट ज्या दिवशी बसवली त्या दिवशी आपण पस्तीस वर्षांचे होतो. आज साठी उलटली. सीट तिथंच आहे, पण शरीर बदललं आहे. मांडीच्या मागचे स्नायू आखडले आहेत, पाठीचा कणा पूर्वीसारखा वाकत नाही, गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. भाताच्या आवणीत वर्षानुवर्षं वाकलेल्या कमरेला तर विचारूच नका. मिनिटाला साठ फेरे मारले तर तासाला प्रत्येक गुडघा ३६०० वेळा वाकतो. मांडणीत बोटभर चूक असली तरी ती तितक्या वेळा सोसावी लागते.

पहिली गोष्ट सीटची उंची. सायकल भिंतीला लावून तिच्यावर बसावं, एक पेडल अगदी खाली आणावं आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, मात्र कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला थोडा बाक राहतो. तेवढा बाक हवाच. गुडघा पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते. मागून, लवणीत दुखत असेल तर बहुधा ती वर असते. १९६७ साली इंग्लंडमधल्या हॅम्ले व थॉमस या संशोधकांनी जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाच्या १०९ टक्के एवढं अंतर खालच्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत असावं, असं सुचवलं. माप ७५ सेंटिमीटर असेल तर अंतर सुमारे ८२ येतं. पण हे झालं जोर काढण्याचं माप. ज्यांना थांबताना पाय पटकन जमिनीला टेकवावा लागतो, त्यांनी टाचेच्या कसोटीवर भिस्त ठेवावी आणि जरूर तर सीट किंचित खालीच ठेवावी.

दुसरी गोष्ट सीटचं पुढं-मागं सरकणं. पेडल समोर, जमिनीला समांतर आणावं आणि गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्याचा ओळंबा सोडावा. ओळंबा साधारण पेडलच्या दांड्यावर यावा. तो फार पुढं आला तर सीट मागं सरकवून पाहावी.

तिसरं हँडल. मान, पाठ किंवा मनगट धरत असेल तर हँडल वर घ्यावं. मधला बोल्ट तीन-चार आटे सैल करून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं की आतली पाचर सुटते. आपल्या जुन्या धाटणीच्या सायकलींना सळयांचे ब्रेक असतात. हँडल हललं की ब्रेकही नव्यानं जुळवावे लागतात, हे विसरू नये. सीटची असो वा हँडलची, नळी चौकटीत किमान चार बोटं आत राहिलीच पाहिजे. नाहीतर उतारावर नळी मोडेल, आणि तिच्याबरोबर आपणही!

मोडलेला पाय जुळताना आखूड झाला असेल तर सीट आखूड पायाच्या मापानं लावावी, किंवा त्या बाजूच्या पेडलवर जाड रबराचा तुकडा घट्ट बांधावा. खुब्याच्या दुखण्यानं पाय उचलवत नसेल तर वरची दांडी नसलेली सायकल घ्यावी. ती बायकांची म्हणून लाजण्याचं कारण नाही.

आता चढ. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर १८ च्या जागी २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवून घ्यावं. चेनला थोडी लांबी जोडावी लागेल, पण गुडघ्यावरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. सपाटीवर वेग थोडा कमी पडेल, तो पडू द्यावा. आणि घाटात उतरून चालण्यात कसली आली आहे हार?

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. तसल्या शर्यतींत सीट मिलिमीटरच्या हिशेबानं बसवतात. आपल्याला इतकी बारकाई नको, पण शिस्त तीच : एका वेळी एकच बदल, तोही अर्ध्या सेंटिमीटरचा. जुन्या जागेवर आधी खूण करावी, आठवडाभर चालवून पाहावं, मग पुढचा बदल.

एक सावधगिरी मात्र हवी. गुडघा सुजला, अडकू लागला, रात्री ठणकू लागला किंवा हातापायाला मुंग्या येऊन त्या जाईनात, तर पाना बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. शस्त्रक्रिया झालेली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय पेडलवर पायच ठेवू नये.

एरवी पडवीतल्या त्या सायकलीला एक पाना, एक ओळंबा आणि थोडा धीर, एवढंच हवं असतं. वय झालं हे खरंच. पण वयाबरोबर सीटही हलवता येते.