'एक्स्पेक्ट'पाशी थांबताना

इंग्रजी कथा मराठीत आणायला बसलं की अवघड शब्द फारसे अडवत नाहीत. ते कोशात सापडतात. परवा मात्र एका साध्या वाक्यावर अख्खी दुपार गेली: 'शी वेटेड फॉर हिम, बट शी डिड नॉट एक्स्पेक्ट हिम.' पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'तिने त्याची वाट पाहिली, पण तिला त्याची अपेक्षा नव्हती.' मोठ्याने वाचलं तेव्हा चूक कानाला लागली. जणू तिला तो नकोच होता! मुळातली बाई तर त्याच्यासाठी तळमळते आहे. तो येईल यावरचा तिचा विश्वास तेवढा उरलेला नाही. शेवटी लिहिलं, 'ती त्याची वाट पाहत राहिली. तो येईल असं मात्र तिला वाटत नव्हतं.'

'वेट'मध्ये माणूस खोळंबतो. 'एक्स्पेक्ट'मध्ये खोळंबा नाही, मनाचा अदमास आहे. हातातली कामं उरकतानाही तो बांधता येतो. मुळात दोन्ही शब्द पाहण्याचेच. 'वेट' जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ पहारा देणं. 'एक्स्पेक्ट' लॅटिनमधून, म्हणजे बाहेर नजर लावणं. आपल्या 'अपेक्षा' आणि 'प्रतीक्षा'तही 'ईक्ष्', पाहणं, आहे, आणि वाट तर आपण पाहतोच. पण आपली 'अपेक्षा' पुढे इच्छेकडे आणि हक्काकडे झुकली. 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' असं म्हणणाऱ्याचा नुसता अंदाज चुकलेला नसतो, त्याचं मन दुखावलेलं असतं.

म्हणून 'मृतांचा आकडा वाढण्याची अपेक्षा आहे' असं वाचलं की अंगावर काटा येतो. 'एक्स्पेक्ट'ला वाईटही चालतं, 'अपेक्षे'ला चालत नाही. तिथे 'भीती' हवी, पावसासाठी 'अंदाज'. डिकन्सच्या १८६०-६१ सालच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये तर हाच शब्द पुढेमागे हाती येणाऱ्या इस्टेटीसाठी आला आहे.

'अवेट'ची तऱ्हा निराळी. 'व्हॉट अवेट्स हिम' म्हटलं की माणूस चालत असतो आणि नशीब त्याच्यासाठी थांबलेलं असतं. 'प्रतीक्षा' इथे पांगळी पडते. मला घरातलं बोलणं आठवलं: 'पुढ्यात काय वाढून ठेवलंय कोण जाणे!' त्या वाक्याला याहून नेमकी मराठी मला सापडलेली नाही.

भाषांतर करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: 'एक्स्पेक्ट' दिसला की लगेच 'अपेक्षा' लिहू नका. बोलणाऱ्याला ती गोष्ट हवी आहे का, हे आधी पाहा.