जुनी चौकट, नवं दार

वारसा सप्ताह २५ नोव्हेंबरला संपतो आणि ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो. मधल्या सात दिवसांत दोन मागण्या समोरासमोर उभ्या राहतात. जुन्या वास्तूला हात लावू नका, ही एक. त्या वास्तूत आम्हालाही जाऊ द्या, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत, आणि दोघींची गाठ दाराशीच पडते.

राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी जे सांगितलं, त्यानंतर टाळाटाळीला जागा उरलेली नाही. सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा तो निकाल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत तर २०२२ मध्येच संपली. म्हणजे जुन्या कचेरीच्या, संग्रहालयाच्या जड सागवानी दाराजागी आपोआप उघडणारं दार बसवायची मागणी होणारच, आणि ती व्हायलाही हवी. दार कसं बसवायचं, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधायला आपल्या खानदेशाच्या दाराशीच असलेल्या अजिंठ्याला जावं. अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक (निधन २०१९) यांनी उभं आयुष्य या लेण्यांच्या अभ्यासात घालवलं. लोक चित्रांपुढे थांबत, स्पिंक चौकटीतली भोकंही निरखत. पाचव्या शतकात तिथली लाकडी दारं बिजागरीवर नव्हे, कडेच्या खुंट्यांवर फिरत. खुंट्यांची टोकं खडकात कोरलेल्या खळग्यांत बसवलेली असत. दारं केव्हाच नाहीशी झाली, खळगे राहिले. दार बसवायची पद्धत काळानुसार बदलत गेली, हे स्पिंक यांनी ओळखलं. तिचे त्यांनी चार प्रकार पाडले आणि कोणतं लेणं आधीचं, कोणतं नंतरचं, याचा क्रम लावताना हा पुरावा वापरला. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातल्या मोजक्या वर्षांत हे काम झालं, या त्यांच्या मांडणीवर अभ्यासकांत वाद आहेत. पण दाराचं भोक म्हणजे दस्तऐवज असतो, हे त्यांनी कायमचं शिकवलं. मधल्या काळात कोणी सोयीसाठी तिथे नव्या चौकटी ठोकून ते खळगे बुजवले असते, तर हा पुरावा कोणालाच वाचता आला नसता.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: स्वयंचलित दार जरूर बसवा, पण जुन्या चौकटीत एकही नवं भोक पाडू नका.

हे जमण्यासारखं आहे. जुन्याच फळीला मोटर आणि तिचा लोखंडी हात जोडणं हा स्वस्तातला मार्ग, पण सर्वांत वाईट. कोरीव लाकडात स्क्रू जातात, पावसाळ्यात फळी फुगली की मोटर अडखळते. त्यापेक्षा जुनं दार दिवसभर उघडं ठेवावं आणि आतल्या बाजूला, भिंतीला न टेकणारी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी काचेची सरकती चौकट बसवावी. उद्या काढली तर मागे खूण राहू नये, ही कसोटी. वायर न्यायचीच असेल तर दगडाला भोक न पाडता चुन्याच्या सांध्यातून न्यावी. दोन दारांची कल्पना नवी नाही: शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात छोटा दिंडी दरवाजा आहे. मोठं दार मानाचं, रोजच्या वापराचं दार वेगळं, ही रीत आपलीच आहे.

खानदेशात आणखी एक पथ्य पाळावं लागेल. अंगाची उष्णता हेरणारा सेन्सर मे महिन्यात रावेर-भुसावळकडे दगा देतो, कारण हवा अंगाइतकी तापली की माणूस आणि हवा यांतला फरकच त्याला नीट कळत नाही. इथे रडारवर चालणारा सेन्सर हवा, जोडीला कोणी मधे असताना दार मिटू न देणारा किरण हवा, आणि वीज गेली की दार हाताने सहज सरकलं पाहिजे. मिटलेल्या दाराची किंमत रावेर-सावद्याला वेगळी सांगायला नको, केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरचं दार उघडं राहिलं तर मालाचं काय होतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या दप्तरं-पोथ्या जपणाऱ्या संस्थांत असं दार माणसाला आत घेईल आणि धूळ-झळा बाहेर ठेवील.

मात्र सगळीकडे मोटर नको. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवचं मंदिर केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. १९५८च्या कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. अशा ठिकाणी काढता-घालता येणारा लाकडी उतार पुरे. कचेऱ्यांतही आधी उंबरठा बघा. सहा इंचांच्या उंबरठ्याला एकास बारा या प्रमाणात सहा फुटांचा उतार लागतो आणि दारात ९०० मिलिमीटर मोकळी वाट लागते. एवढं नसेल तर दार आपोआप उघडूनही व्हीलचेअर बाहेरच राहील.

जुन्या इमारतीचं अंदाजपत्रक करण्याआधी सार्वजनिक बांधकाम खात्याने दोन माणसांना सोबत न्यावं: वारसा-जतन जाणणारा वास्तुविशारद आणि व्हीलचेअर वापरणारा नागरिक. चौकटीची मापं आणि छायाचित्रं आधी नोंदवावीत, निविदा नंतर काढावी. वारसा सगळ्यांचा आहे असं आपण सप्ताहभर सांगतो. त्यातल्या काहींना दाराबाहेर ठेवून ते सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि त्यांना आत घेण्याच्या नावाखाली दारच उद्ध्वस्त करण्याचाही नाही.