इंडोनेशियाचं डिझेल आणि लातूरचं सोयाबीन

इंडोनेशियात आज ट्रकच्या टाकीत जे डिझेल पडतं, त्यातला ४० टक्के हिस्सा पामतेलापासून बनवलेला असतो. २०२५ पासून लागू झालेल्या या मिश्रणाचं नाव ‘बी-४०’. जगातलं निम्म्याहून जास्त पामतेल याच देशात निघतं आणि ते सर्वाधिक आयात करणारा देश आहे भारत. त्यामुळे जकार्तात इंधनाचा निर्णय झाला की त्याची झळ आपल्याकडच्या फरसाणवाल्याच्या कढईला लागते.

मिश्रण वाढवण्यामागे डिझेलच्या आयातीवरचा खर्च वाचवणं हे कारण आहेच. पण त्यात युरोपचाही वाटा आहे. पामच्या लागवडीसाठी जंगलं तुटतात, म्हणून पामतेलाच्या इंधनाला हरित इंधनाच्या हिशेबातून २०३० पर्यंत पूर्ण वगळायचं, असं युरोपीय संघाने २०१९ मध्ये ठरवलं. जंगलांची ही काळजी रास्तच आहे. इंडोनेशियाने मात्र त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. जानेवारी २०२५ मधल्या निकालाने हवामानासाठी असे निर्बंध घालण्याचा युरोपचा हक्क मान्य केला, पण ते राबवताना भेदभाव झाल्याचंही म्हटलं. दरम्यान इंडोनेशियाने हे तेल घरच्याच टाक्यांत जिरवायला सुरुवात केली होती.

बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा बहुधा महाग पडतं. हा फरक भरून निघतो पामतेलाच्या निर्यातीवरच्या आकारणीतून. कच्च्या पामतेलावरची ही आकारणी मे २०२५ मध्ये ७.५ टक्क्यांवरून १० टक्के झाली. तिचा काही भार परदेशी खरेदीदारावर पडतो, तर काही तिथल्या लहान बागायतदारावर, कारण त्याच्या फळाचा भाव तेवढा पडतो.

हा बागायतदार किती लवकर कोंडीत सापडतो, हे २०२२ मध्ये दिसलं. युक्रेन युद्धामुळे सूर्यफूल तेल अडकलं, इंडोनेशियातच खाद्यतेल भडकलं आणि सरकारने २८ एप्रिलला निर्यात बंद केली. पामचा घड उतरवला की एक-दोन दिवसांत गिरणीत जावा लागतो. उशीर झाला की तेलाची प्रत बिघडते. निर्यात थांबल्याने गिरण्यांच्या टाक्या भरत गेल्या आणि अनेकींनी घड घेणं थांबवलं. शेतकरी मोर्चा घेऊन जकार्तात उतरले. २३ मे रोजी बंदी उठली.

ग्राहक आणि शेतकरी यांच्या हिताचा हाच गुंता आपल्याकडे लातूरच्या सोयाबीन बाजारात दिसतो. स्वस्त पामतेल आलं की सोयाबीनचा भाव दबतो. शेतकऱ्यांचा रोष ओळखून केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. पुढे तेल महागलं आणि मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के करण्यात आलं. ग्राहकाला दिलासा हवा होता, यात वाद नाही. पण २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव असताना बाजारात सोयाबीन त्याहून बरंच खाली विकलं गेलं. पेंडीची मंदी हेही त्याचं मोठं कारण होतं, पण शुल्ककपातीचा घावही त्याच शेतकऱ्याने सोसला.