जर्बिलांचे बिऱ्हाड

मंगोलिया आणि उत्तर चीन येथील रुक्ष गवताळ प्रदेशात, जमिनीखाली बिळे खणून सहकुटुंब राहणाऱ्या जर्बिल या कृंतक प्राण्याचे नमुने आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्याने १८६६ साली पॅरिसला पाठविले. परंतु माणसाच्या घरात त्याचा शिरकाव व्हावयास, १९५४ साली प्रयोगशाळांच्या कामाकरिता तो अमेरिकेत नेला जाईपर्यंत, बराच काळ जावा लागला. आपल्या शेतांच्या बांधांत आढळणारा भारतीय जर्बिल हा त्याचा रानटी आप्त होय. त्याला धरून पाळण्याच्या भरीस कोणी पडू नये.

हा प्राणी एकटा ठेवणे हे जसे त्याच्या प्रकृतीस प्रतिकूल, तसेच कोणतेही दोन अपरिचित प्राणी एका पेटीत सोडणे हे त्यांच्या जिवावर बेतणारे असते. कारण जर्बिलाच्या लेखी आप्तपर हा भेद मुख्यतः गंधावरून ठरतो. पोटावरील ग्रंथीचा स्राव जागोजागी घासून तो आपली हद्द कायम करतो, आणि त्या हद्दीत परका गंध आला की त्याची गणना घुसखोरांत होते. म्हणून प्रथमच पाळणाऱ्याने सहा ते आठ आठवड्यांची, एकाच वेतातील, एकाच लिंगाची दोन पिले घ्यावीत, हे सर्वांत शहाणपणाचे. डोळे निर्मळ, नाक कोरडे आणि हालचाल चपळ आहे हे पाहून घ्यावे. तीन-चार माद्यांचा समूह पुढे कलहाने फुटण्याचा संभव जास्त. आणि नर-मादी एकत्र ठेवल्यास सुमारे पंचवीस दिवसांच्या गर्भावधीनंतर पिले होतात, व प्रसूतीनंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते, याचा विचार आधीच करावा.

दोघांपैकी एक मेल्यास उरलेल्यास नवा सोबती देण्याची तजवीज सबुरीने करावी लागते. पेटीच्या मध्यभागी बारीक जाळीचा भक्कम पडदा बसवून दोघांना दोन बाजूंस ठेवावे आणि दिवसातून अनेकदा त्यांच्या जागांची अदलाबदल करावी, म्हणजे प्रत्येकास दुसऱ्याच्या गंधात वावरण्याची सवय होते. आठवडाभराने, क्वचित त्याहून अधिक काळाने, दोघे जाळीलगत शांतपणे निजू लागले, की पूर्ण दिवसाची सवड असेल तेव्हा लहान जागेत, घरटी व बोगदे न ठेवता, त्यांना एकत्र आणावे. एकमेकांचे अंग चाटणे हे सलोख्याचे लक्षण. छाती पुढे काढून ढकलणे, शेपटी आपटणे हा इशारा. आणि दोघे एकमेकांस विळखा घालून गोळ्यासारखे गडबडू लागले, तर जाड हातमोजा घालून तत्काळ विलग करावे, उघडा हात मध्ये घालू नये.

सलोखा जमल्यावर जागा हळूहळू वाढवावी. खणण्यासाठी वीतभर तरी जाड भुसा, कुरतडण्यास पुठ्ठा आणि लोळण्यास वाळू असावी. साफसफाई करताना थोडा जुना भुसा मागे ठेवावा, नाहीतर सामायिक गंधच नाहीसा होतो. उचलताना शेपटी कदापि धरू नये. तिची त्वचा सोलून निघते.

जर्बिलाचे आयुष्य तीन-चार वर्षांचे असते. एवढ्या मुदतीत दोन प्राण्यांचा बंदोबस्त राखण्याइतकी सवड ज्यास नाही, त्याने हा शौक न करावा हेच उत्तम.