विश्लेषण : पडद्यावरचा ‘स्टॉर्मट्रूपर’ होण्यासाठीही परीक्षा! ‘५०१ लीजन’ चाहत्यांचे पोशाख का नाकारते?

‘द मँडलोरियन’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे चित्रीकरण सुरू असताना एका मोठ्या प्रसंगासाठी स्टॉर्मट्रूपर कमी पडले. पांढऱ्या चिलखतातले हे सैनिक ‘स्टार वॉर्स’ न पाहिलेल्यांनाही ओळखू येतात. निर्मात्यांनी घाईघाईने नवे पोशाख बनवले नाहीत. त्यांनी ‘५०१ लीजन’ या चाहत्यांच्या क्लबला निरोप धाडला आणि सदस्य आपापले चिलखत घेऊन सेटवर हजर झाले. २०१९ मध्ये शिकागोतील चाहत्यांच्या मेळाव्यात हा किस्सा मालिकेच्या कर्त्यांनीच सांगितला.

हौशी लोकांनी घरी जोडलेले चिलखत थेट कॅमेऱ्यासमोर चालते, ते क्लबच्या मंजुरी प्रक्रियेमुळे. ही प्रक्रिया पार पाडताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

काय आहे ‘५०१ लीजन’?

अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्यात १९९७ मध्ये अल्बिन जॉन्सन यांनी या क्लबची सुरुवात केली. मोटार अपघातानंतर त्यांना एक पाय गमवावा लागला होता. चिलखत अंगावर चढले की कृत्रिम पाय कोणाला दिसत नसे. दोन मित्रांच्या हौसेतून सुरू झालेल्या या क्लबचे आज जगभरात हजारो सदस्य आहेत. इथे प्रामुख्याने खलनायकांचेच पोशाख चालतात. नायकांचे पोशाख करणाऱ्यांसाठी ‘रिबेल लीजन’ हा वेगळा क्लब आहे.

सदस्यत्वाला वर्गणी नाही. वय १८ पूर्ण हवे आणि स्वतःचा, मंजूर झालेला पोशाख हवा. उंची, वजन, स्त्री-पुरुष अशी कोणतीही अट नाही. पोशाख स्वतःच बनवला पाहिजे असेही नाही. विकत घेतलेलाही चालतो. मात्र आपल्याकडे नाटकाची ड्रेपरी एका दिवसासाठी भाड्याने आणतात, तसे इथे करता येत नाही.

मंजुरी कशी मिळते?

सारा खेळ फोटोंचा आहे. इच्छुकाने पूर्ण पोशाखात समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे, एक हेल्मेट काढून, शिवाय बारकाव्यांचे जवळून घेतलेले. हे फोटो स्थानिक शाखेच्या मेंबरशिप लायझनकडे जातात. त्याच्यासमोर ‘कॉस्च्युम रेफरन्स लायब्ररी’ म्हणजे सीआरएल असते. प्रत्येक पात्राच्या पोशाखाचा एकेक भाग कसा असावा, हे त्यात फोटोंसह लिहिलेले असते. लायझन ओळीमागून ओळ ताडून पाहतो. सगळे जुळले की सदस्याला क्रमांक मिळतो. स्टॉर्मट्रूपर असेल तर त्याआधी ‘टीके’ ही अक्षरे लागतात.

‘अचूक’ म्हणजे नेमके काय?

खरी गंमत इथे आहे. पहिल्या चित्रपटाचे चित्रीकरण १९७६ मध्ये ट्युनिशियात आणि इंग्लंडमध्ये झाले. तेव्हाची चिलखते काही लष्करी दर्जाची नव्हती. प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर ओढून घ्यायचा आणि थंड झाला की कापायचा, या व्हॅक्यूम फॉर्मिंगच्या पद्धतीने ती बनवली होती. हेल्मेटची डावी-उजवी बाजू एकमेकींशी तंतोतंत जुळत नव्हती. त्यावरचे निळे पट्टे हातानेच रंगवलेले, त्यामुळे वेडेवाकडे. संगणकावर डिझाइन करून अगदी सममित हेल्मेट छापले, तर इंजिनीअरच्या नजरेला ते सरस वाटेल, पण पडद्यावरच्या हेल्मेटपासून ते दूरच जाईल. पन्नास वर्षांपूर्वीच्या कारागिरांची घाईही इथे प्रमाण ठरते.

त्याच चित्रपटात हेल्मेटचे दोन प्रकार होते. जवळून दिसणाऱ्या ‘हीरो’ हेल्मेटला फुगीर काचा आणि तोंडाच्या जाळीत आठ दात, तर ‘स्टंट’ हेल्मेटला सपाट काचा आणि सहा दात. एकाचे डोळे आणि दुसऱ्याचे दात असे चालत नाही. टोकदार गुडघापट्टी डाव्या पायालाच. ट्युनिशियाच्या वाळवंटातला सँडट्रूपर धुळीने माखलेलाच हवा. तो झक्क पांढरा दिसला तर नापास. वाढदिवसाच्या पार्टीसाठी मिळणारा तयार सूट तर पहिल्या फोटोतच बाद होतो.

एवढे करूनही समाधान नसेल, तर स्टॉर्मट्रूपरसाठी आणखी दोन ऐच्छिक पायऱ्या आहेत. सर्वात वरच्या पायरीला ‘सेंच्युरियन’ म्हणतात. तिथे प्लास्टिकचे दोन भाग जोडणाऱ्या पट्ट्यांची रुंदीही पाहतात. हातावर साधारण १५ मिलिमीटर, पायावर पुढून २०. हे थोडे अतीच आहे, पण ती परीक्षा देणाऱ्यांना तेच हवे असते.

इतका काटेकोरपणा कशासाठी?

ही पात्रे लुकासफिल्मच्या मालकीची आहेत आणि ती कंपनी २०१२ पासून डिस्नेकडे आहे. ५०१ लीजन हा कंपनीचा विभाग नाही. तरीही कंपनी त्यांना आपल्या कार्यक्रमांना बोलावते, कारण सदस्य मानधन घेत नाहीत; आयोजकाला द्यायचेच असेल तर ती रक्कम धर्मादाय संस्थेला जाते. धंदा सुरू झाला की चित्र बदलते. मूळ चित्रपटासाठी हेल्मेट घडवणारे ब्रिटनचे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी त्यांच्या प्रतिकृती विकायला सुरुवात केली, तेव्हा लुकासफिल्म थेट न्यायालयात गेली. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हेल्मेट हे ‘शिल्प’ नाही, असे सांगून तिथल्या कॉपीराइटच्या मुद्द्यावर एन्सवर्थ यांच्या बाजूने कौल दिला. पण त्याआधी अमेरिकेतील न्यायालयाने त्यांच्यावर कोट्यवधी डॉलरचा ठपका ठेवला होता.

म्हणजे क्लबकडे मालकी हक्क नाही, आहे ती फक्त पत. कुठल्याही शाखेचा कोणताही सदस्य कार्यक्रमाला गेला तरी तो पडद्यावरच्यासारखाच दिसेल, या खात्रीवर ती टिकून आहे. हे सदस्य रुग्णालयांतील मुलांनाही भेटायला जातात. तिथे चिलखताची फट चटकन पकडणारे प्रेक्षक भरपूर असतात.

नाकारले तर?

चांगल्या चिलखताचा खर्च अनेकदा हजार डॉलरच्या पुढे जातो, जोडणीत महिने जातात आणि मग मेल येतो : बरगड्यांजवळची फट कमी करा, मानेची काळी पट्टी बदला. मन खट्टू होणारच. पण हा नकार कायमचा नसतो. दुरुस्ती करायची, पुन्हा फोटो पाठवायचे. म्हणूनच जुने सदस्य झटपट चिकटणारा गोंद टाळायला सांगतात. दिवसभराने सुकणारा, रबरासारखा लवचिक गोंद बरा. चुकले तर जोड सोडवता येतो.

मंजुरीनंतर वर्षातून किमान एकदा पोशाख घालून कार्यक्रमात उतरावे लागते. आणि स्टॉर्मट्रूपर झाल्यावर डार्थ व्हेडर व्हावेसे वाटले, तर फोटो, सीआरएल, लायझन हे सगळे पहिल्यापासून. क्रमांक मात्र तोच राहतो, फक्त ‘टीके’च्या जागी ‘एसएल’ येते.